पूर्वप्राथमिक अवस्थेतील अक्षरपरिचय : पद्धतींचा तुलनात्मक विचार
(वऱ्हाडी भाषक बालकांच्या संदर्भात)

१. प्रश्नाचे स्वरूप

राजापेठ हा अमरावती शहरातील, बडनेऱ्याच्या वाटेवरचा गजबजलेला भाग आहे. दुकानांच्या पाट्या, एस.टी.च्या गाड्यांवरील गावांची नावे, भिंतींवरच्या जाहिराती यांच्या गर्दीतून वाट काढीत येथील तीन-चार वर्षांचे मूल बालवाडीत किंवा अंगणवाडीत पोहोचते. लिहिलेली भाषा त्याने रोज पाहिलेली असते. ती वाचता येते याचीही त्याला कल्पना असते. बालवाडीच्या भिंतीवर मात्र त्याला एक वेगळीच लिखित भाषा भेटते. अक्षरतक्त्याच्या शेवटच्या ओळीत ‘ळ’ असतो आणि त्यापुढे बाळाचे चित्र असते. ज्याच्या घरी डोळ्याला ‘डोया’ आणि फळाला ‘फय’ म्हणतात, ते मूल चित्राकडे पाहून ‘बाय’ असे म्हणते. बाई त्याला थांबवितात व ‘बाळ’ म्हणावयास सांगतात. मूल पुन्हा ‘बाय’ म्हणते.

ही घटना क्षुल्लक वाटण्याजोगी आहे. परंतु अक्षर म्हणजे आपण बोलतो त्या ध्वनीची खूण, हे सूत्र मुलाने आत्मसात करावे यासाठीच अक्षरपरिचयाचा सर्व खटाटोप असतो आणि नेमक्या त्याच सूत्राला या ठिकाणी तडा जातो. मुलाने चित्र ओळखलेले असते, शब्दही बरोबर आठवलेला असतो. चुकलेले काय, हे त्याला कळत नाही.

पूर्वप्राथमिक अवस्थेत वाचन-लेखनाचा आरंभ कसा करावा, यावर महाराष्ट्रात सुमारे शंभर वर्षे विचार झालेला आहे. तो बहुधा ‘आधी अक्षर की आधी शब्द’ या द्वंद्वाभोवती फिरत राहिला. प्रस्तुत लेखात अक्षरपरिचयाच्या प्रमुख पद्धतींची तुलना करावयाची असून, त्या तुलनेसाठी निराळी कसोटी सुचवावयाची आहे. प्रत्येक पद्धती मुलाच्या घरच्या उच्चाराशी कसे नाते जोडते, ही ती कसोटी होय. वऱ्हाडीच्या संदर्भात ही कसोटी विशेष निर्णायक ठरते.

२. मुळाक्षरे आणि बाराखडी

अक्षरपद्धती ही सर्वांत जुनी व आजही सर्वाधिक रूढ पद्धती आहे. गावठी शाळेत पंतोजी धूळपाटीवर अक्षर काढून देत आणि मूल त्यावरून हात फिरवीत असे. समूहाने मोठ्याने घोकणे हा त्या शाळेचा प्राण होता. धूळपाटी गेली, दगडी पाटी आली, पुढे अंकलिपी आली आणि आता रंगीत तक्ते आले. क्रम मात्र बदलला नाही. प्रथम स्वर, मग ‘क’पासून ‘ज्ञ’पर्यंत मुळाक्षरे, त्यानंतर बाराखडी, त्यानंतर जोडाक्षरे आणि शेवटी शब्द व वाक्य, असा हा क्रम आहे.

या क्रमामागील शास्त्र थोर आहे. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दन्त्य, ओष्ठ्य असा उच्चारस्थानांचा क्रम आणि प्रत्येक वर्गात अघोष-घोष, अल्पप्राण-महाप्राण अशी मांडणी, ही प्राचीन भारतीय ध्वनिविचाराची मोठी कामगिरी आहे. परंतु वर्णमाला हे वर्गीकरण आहे, आणि ज्याला भाषेतील ध्वनी वेगळे करून पाहता येतात त्याच्यासाठी वर्गीकरण उपयुक्त असते. ते शिकण्याचाही क्रम असले पाहिजे असे नाही. उलट या क्रमात ‘क’ आणि ‘ख’, ‘ग’ आणि ‘घ’, ‘ट’ आणि ‘ठ’ असे अगदी थोड्या फरकाचे ध्वनी शेजारी-शेजारी येतात. शास्त्रज्ञाच्या दृष्टीने हे सोयीचे असले तरी चार वर्षांच्या कानाला तेच सर्वांत अवघड आहे. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’, ‘ब’ आणि ‘व’ या आकारसाम्याच्या जोड्या दृष्टीला फसवितात, त्यांची दखल हा क्रम घेत नाही.

दुसरी अडचण संख्येची आहे. मराठीची व्यंजने ३४ मानली आणि प्रत्येकाची बारा रूपे धरली, तर बाराखडीचा पसारा ४०८ रूपांचा होतो. ‘ङ’ व ‘ञ’ यांची बाराखडी व्यवहारात येत नाही आणि विसर्गाची रूपेही क्वचित लागतात, हे वगळले तरी जोडाक्षरांपूर्वीच तीन-साडेतीनशे रूपे उरतात. ती सर्व पाठ होईपर्यंत अर्थपूर्ण वाचनाला हात घालावयाचा नाही, असा रूढ क्रमाचा दंडक आहे. परिणामी मूल दोन-दोन वर्षे अक्षरे घोकते आणि या अवधीत वाचन म्हणजे काय याचा अनुभव त्याला मिळत नाही. पहिल्या पाच व्यंजनांचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. ‘क, ख, ग, घ, ङ’ एवढी अक्षरे शिकून झाल्यावर, मात्रा हाती नसताना, मुलाला वाचता येईल असा ओळखीचा शब्द जवळजवळ सापडत नाही.

असे असूनही ही पद्धती टिकली, याची कारणे दुर्लक्षणीय नाहीत. ती शिकविण्यासाठी साधनांची गरज नाही, शिक्षिकेला स्वतंत्र प्रशिक्षण लागत नाही, आणि मुलाने काय शिकले हे पालकाला घरी लगेच ऐकता येते. शिवाय मराठी लेखन बहुतांशी उच्चारानुसारी असल्याने, अक्षरे पक्की झालेले मूल पुढे कसेबसे वाचू लागतेच. तथापि येथेही एक बारकावा आहे. ‘बदक’ हा शब्द मूल ‘ब-द-क’ असा तीन पूर्ण अक्षरांनी जोडते. बोलताना मात्र तो ‘बदक्’ असा व्यंजनान्त होतो. ‘चाक’ आणि ‘चहा’ यांतील ‘च’ एकच लिहिला जातो, पण उच्चार दोन आहेत. ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी येते, उच्चारात ती नंतर आहे. अक्षरे जोडून आलेला उच्चार आणि आपण बोलतो तो शब्द एकच आहेत, हे ओळखण्याची उडी मुलाला स्वतःच मारावी लागते. ती कशी मारावी हे अक्षरपद्धती सांगत नाही.

३. मॉन्टेसरी, गिजुभाई आणि कोसबाड

१९०७ साली रोममधील गरीब वस्तीत मारिया मॉन्टेसरी यांनी सुरू केलेल्या बालगृहाने अक्षरपरिचयाला निराळी दिशा दिली. खरखरीत कागदाची अक्षरे बोटांनी गिरवावयाची, त्याच वेळी त्या अक्षराचा ध्वनी उच्चारावयाचा आणि पुढे सुटी अक्षरे मांडून स्वतःच्या मनातील शब्द तयार करावयाचे, असा तेथील क्रम होता. यात दोन गोष्टी मूलभूत आहेत. अक्षराला नावाने न ओळखता ध्वनीने ओळखले जाते. आणि वाचनाच्या आधी लेखन येते. दुसऱ्याने लिहिलेले उलगडण्यापेक्षा स्वतःला म्हणावयाचे आहे ते मांडणे मुलाला सोपे जाते, हे त्यामागील निरीक्षण होय.

भारतात हा विचार प्रथम रुजविला तो गिजुभाई बधेका यांनी. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत १९२० साली त्यांनी बालमंदिर सुरू केले. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांचा अमरावतीशी निकटचा संबंध होता; विवाहानंतर काही वर्षे त्यांचे वास्तव्य याच शहरात होते. वऱ्हाडातील अभ्यासकांनी या दुव्याकडे अधिक लक्ष देणे आवश्यक आहे. गिजुभाई व ताराबाई यांनी १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना केली आणि ‘शिक्षणपत्रिके’च्या द्वारे बालशिक्षणाचा विचार घराघरांत नेला. १९३६ साली दादर येथे शिशुविहार सुरू झाले. स्वतः मॉन्टेसरी १९३९ साली भारतात आल्या, त्यापूर्वीच त्यांच्या पद्धतीची येथील भाषांशी गाठ पडलेली होती.

१९४५ साली ताराबाईंनी बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले व अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. हे कार्य पुढे कोसबाडच्या टेकडीवर स्थिरावले. या टप्प्यावर पद्धतीत महत्त्वाचा पालट झाला. मॉन्टेसरी साधने महागडी होती आणि ती एका नागर, सुस्थित बालजीवनातून आलेली होती. कोसबाडला पाने, बिया, खडे, शिंपले हीच साधने झाली. मूल शाळेत येत नसेल तर शाळा मुलाच्या अंगणात नेण्याची कल्पना येथेच आकारास आली. ‘अंगणवाडी’ या शब्दात ती कायम राहिली आहे. या परंपरेत अक्षराला घाई नाही. गाणी, गोष्टी, गप्पा, रंगकाम, मातीकाम यांतून कान, हात आणि वाणी तयार झाल्यानंतर अक्षर यावे, अशी ‘पूर्ववाचन-पूर्वलेखना’ची संकल्पना तिने महाराष्ट्राला दिली.

तुलनेच्या दृष्टीने या परंपरेचे बळ तिच्या कानावरील विश्वासात आहे. ध्वनी आधी आणि चिन्ह नंतर, हा क्रम मराठीसारख्या उच्चारानुसारी लेखनाच्या भाषेला अनुकूल आहे. तिची मर्यादाही त्याच ठिकाणी आहे. खरखरीत ‘ण’ गिरविताना मुलाने ‘ण’ म्हणावयाचे, तर तो ध्वनी त्याच्या मुखात असावयास हवा. वऱ्हाडी मुलाच्या घरी ‘पानी’, ‘कोन’, ‘बान’ असेच उच्चार असतात. अशा वेळी अक्षराला जोडावयाचा ध्वनीच मुलाजवळ नसतो.

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांनिशी सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर पोहोचली. तथापि पूर्वशालेय शिक्षण हा त्या योजनेच्या सहा सेवांपैकी एक भाग होता. पोषण, लसीकरण व नोंदवह्या यांच्या भारात तो अनेकदा मागे पडला आणि रिकाम्या राहिलेल्या जागी पुन्हा मुळाक्षरांचे घोकणेच आले. ताराबाईंचे अंगण गावोगाव पोहोचले, परंतु त्यांची अक्षराकडे जाण्याची वाट तितकी पोहोचली नाही.

४. शब्दपद्धती आणि वाक्यपद्धती

मूल वस्तू समग्र रूपात पाहते, तिचे घटक नंतर पाहते. म्हणून वाचनाचा आरंभ अर्थपूर्ण एककापासून व्हावा, अशी शब्दपद्धतीची व वाक्यपद्धतीची भूमिका आहे. मराठीतील अनेक पाठ्यपुस्तकांनी चित्र, त्याखाली शब्द व त्या शब्दातून वेगळे काढलेले अक्षर अशी मांडणी करून या भूमिकेशी अंशतः तडजोड केली. या विचाराचे सर्वांत जिवंत रूप न्यूझीलंडमधील सिल्व्हिया ॲश्टन-वॉर्नर यांच्या कार्यात आढळते. माओरी मुलांना परक्या वातावरणातील छापील पाठ देण्याऐवजी त्यांनी प्रत्येक मुलाला त्याच्या मनातला शब्द विचारला, तो जाड कागदावर लिहून त्याच्या हाती दिला. भीतीचे, प्रेमाचे, घरातल्या माणसांचे ते शब्द मुले सहसा विसरत नसत, असा अनुभव त्यांनी ‘टीचर’ (१९६३) या ग्रंथात नोंदविला आहे. ब्राझीलमध्ये पाउलो फ्रेरे यांनी प्रौढांच्या साक्षरतेसाठी लोकांच्या जीवनातील कळीचे शब्द निवडले, त्यामागील दृष्टीही सजातीय होती.

पुढे अमेरिकेत केनेथ गुडमन (१९६७) यांनी वाचन ही संदर्भाच्या आधारे केलेल्या अनुमानांची प्रक्रिया असल्याचे प्रतिपादन केले व समग्रभाषा-दृष्टीला सैद्धांतिक बैठक मिळाली. या दृष्टीने वाचनाला अर्थ, आनंद आणि पुस्तक परत मिळवून दिले. परंतु तिच्यातील उणीवही पुढे स्पष्ट झाली. राजापेठेतील मूल गाडीच्या पाटीवरचा ‘बडनेरा’ हा शब्द आकारावरून ओळखू शकेल. पण त्यातील ‘ब’ आणि ‘ड’ त्याला वेगळे करता आले नाहीत, तर ‘बडबड’ हा शब्द त्याला वाचता येणार नाही. शब्द आकारानेच लक्षात ठेवावयाचे तर स्मरणशक्ती लवकर थकते आणि अनोळखी शब्दापुढे मूल केवळ अंदाज करू लागते. अमेरिकेतील राष्ट्रीय वाचन समितीच्या २००० सालच्या अहवालाने ध्वनी व अक्षर यांचा संबंध क्रमाने व स्पष्टपणे शिकविण्याचा लाभ अधोरेखित केला. अर्थाकडून आरंभ करावा हे खरे असले तरी संकेत उलगडण्याची किल्ली मुलाच्या हाती द्यावीच लागते.

५. देवनागरीचे वेगळेपण आणि संतुलित मार्ग

इंग्रजीतील हा वाद मराठीत जसाच्या तसा आणता येत नाही. इंग्रजीत एका ध्वनीला अनेक लेखने आणि एका अक्षराला अनेक ध्वनी आहेत. देवनागरीचे एकक एकटा वर्ण नसून ‘का’, ‘मी’, ‘पु’ यांसारखे अक्षर, म्हणजे व्यंजन व स्वर यांचा संयोग आहे. असे अवयव लहान मुलाला बोलण्यातून सहज वेगळे करता येतात. टाळी वाजवीत ‘का-ग-द’ असे तुकडे पाडणे चार वर्षांच्या मुलालाही जमते. ‘क्’ आणि ‘आ’ हे घटक वेगळे करणे मात्र त्याला कठीण जाते. कन्नडसंबंधीच्या सोनाली नाग यांच्या अभ्यासाने (२००७) दाखविले, की अशा लिप्यांत अक्षरांचा साठा पूर्ण होण्यास इंग्रजीच्या मानाने पुष्कळ अधिक वर्षे लागतात आणि सुट्या ध्वनीची जाणीव सावकाश विकसित होते. यावरून आधी सर्व अक्षरे, मग वाचन हा दंडक किती अव्यवहार्य आहे हे ध्यानात येते. अक्षरशिक्षण कित्येक वर्षे चालणार असेल तर वाचनाने त्याची वाट पाहणे योग्य नाही. दोन्ही बरोबरच चालावयास हवीत.

महाराष्ट्रात या दिशेने झालेले प्रयत्न उल्लेखनीय आहेत. फलटण येथे मॅक्सिन बर्नसन यांनी फलटणच्या बोलीतील भेदांवर भाषावैज्ञानिक संशोधन केले (१९७३) आणि पुढे तेथेच प्रगत शिक्षण संस्थेच्या माध्यमातून मुलांच्या वाचनाचे काम उभारले. कमला निंबकर बालभवन ही शाळा १९८६ साली सुरू झाली. बोलीची अभ्यासक आणि वाचनाची शिक्षिका एकाच व्यक्तीत भेटण्याचा हा दुर्मिळ योग आहे. पालघर जिल्ह्यातील वाडा परिसरात मराठी आणि कर्नाटकातील यादगीर परिसरात कन्नड वाचनशिक्षणाचा दीर्घकालीन अभ्यास शैलजा मेनन व त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. घोकंपट्टीच्या अक्षरशिक्षणावर वर्गाचा फार वेळ खर्च होतो आणि अर्थासह वाचन व स्वतंत्र लेखन यांना त्या मानाने जागा मिळत नाही, हे त्यातून पुढे आले.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने (२०२०) तीन ते आठ ही वर्षे एकच पायाभूत टप्पा मानली. २०२१ साली ‘निपुण भारत’ अभियान सुरू झाले आणि २०२२ च्या पायाभूत स्तराच्या आराखड्याने मौखिक भाषा, शब्दांची उलगड, वाचन व लेखन या चारही अंगांना रोजच्या वेळापत्रकात स्थान देण्याची शिफारस केली. तत्त्वतः अक्षर की शब्द हा वाद अशा रीतीने मिटला आहे, असे म्हणता येईल. परंतु अक्षर कोणाच्या उच्चाराचे, हा प्रश्न या समन्वयातही अनुत्तरितच राहतो.

६. वऱ्हाडीची कसोटी

ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात (१९०५) वऱ्हाडीची नोंद झाली, तेव्हापासून तिची वैशिष्ट्ये अभ्यासकांना परिचित आहेत. अक्षरपरिचयाच्या दृष्टीने त्यांपैकी तीन महत्त्वाची आहेत. ‘ळ’च्या जागी ‘य’ येतो (काळा–काया, डोळा–डोया). ‘ण’च्या जागी ‘न’ येतो (पाणी–पानी). आणि शब्दारंभीच्या ‘वि’चा ‘इ’ होतो (विहीर–इहीर). याशिवाय ‘मला’ऐवजी ‘मले’, ‘करतो आहे’ऐवजी ‘करून राह्यला’ अशी व्याकरणिक रूपे आणि ‘वावर’, ‘बंडी’, ‘पऱ्हाटी’, ‘माय’, ‘पोट्टा’ असा स्वतंत्र शब्दसंग्रह आहे. हे उच्चार सर्व घरांत सारखे नाहीत. शहरातील एकाच वर्गात ‘डोळा’ म्हणणारे, ‘डोया’ म्हणणारे आणि घरी हिंदी बोलणारे मूल शेजारी-शेजारी बसलेले असते, आणि पुष्कळदा बाईंच्या स्वतःच्या बोलण्यातही दोन्ही रूपे असतात.

अशा वर्गात एका मुलाला अक्षरध्वनींचे नाते चांगले उमगले आहे असे समजावे. सुटी अक्षरे मांडून त्याला ‘डोळा’ हा शब्द तयार करावयाचा आहे. ते स्वतःचा उच्चार कान देऊन ऐकते आणि ‘डोया’ असे मांडते. शुद्धलेखनाच्या दृष्टीने ही चूक आहे. परंतु अक्षरपरिचयाच्या दृष्टीने हे पूर्ण यश आहे. आपल्या बोलण्यातले अवयव वेगळे करून त्या प्रत्येकासाठी योग्य चिन्ह निवडण्याची क्रिया मुलाने बिनचूक पार पाडली आहे. याउलट तक्त्यावरचा ‘डोळा’ हा शब्द नुसता पाहून उतरविणाऱ्या मुलाला त्यातील एकही ध्वनी कळलेला नसण्याची शक्यता असते. तरी पहिल्याच्या पाटीवर फुली पडते आणि दुसऱ्याला शाबासकी मिळते. ज्याला अक्षराचे मर्म कळले त्यालाच येथे आपला कान खोटा आहे असा धडा मिळतो. पुढे असे मूल ऐकून लिहिण्याचे सोडून पाहून लिहू लागले, तर त्यात नवल नाही.

प्रमाण भाषा बोलणाऱ्या मुलाच्या वाट्याला ही अडचण येत नाही, असे मानणे भ्रममूलक आहे. ‘विषय’ या शब्दातील ‘ष’ बहुतेक सर्व मराठी भाषक ‘श’सारखाच उच्चारतात आणि ऱ्हस्व-दीर्घाचा लेखननियम उच्चारातून कळत नाही. उच्चार व लेखन यांतील हे अंतर पुढील इयत्तांत शुद्धलेखनाचा विषय म्हणून शांतपणे हाताळले जाते. मुलाच्या वाणीत दोष आहे असे कोणी म्हणत नाही. ‘डोया’ आणि ‘डोळा’ यांतील अंतर हे त्याच जातीचे आहे. एकाला लेखनाची सवय म्हणावयाचे आणि दुसऱ्याला अशुद्ध उच्चार ठरवावयाचे, यामागे भाषाशास्त्र नसून सामाजिक प्रतिष्ठेची उतरंड आहे.

यावर उपाय अवघड नाही. तो बहुतांशी क्रमाचा आहे. ज्या ध्वनींबाबत वऱ्हाडी व प्रमाण मराठी यांचे एकमत आहे, त्या अक्षरांपासून आरंभ करावा आणि शब्द मुलाच्या घरातून घ्यावेत. ‘वावर’ आणि ‘माय’ हे दोन शब्द पाहावेत. शेतकरी वऱ्हाडी घरातील मुलाला याहून जवळचे शब्द क्वचितच असतील. यांत चार व्यंजने आणि एक काना एवढीच चिन्हे आहेत. त्या पाच चिन्हांतून वारा, रवा, वार, मार, मामा, माया, राम, मावा असे शब्द लगेच वाचता व लिहिता येतात. पहिल्याच काही आठवड्यांत मुलाला वाचनाचा प्रत्यक्ष अनुभव येतो. काना हा व्यंजनांबरोबरच आल्याने बाराखडीची भिंत आडवी येत नाही. शब्द ओळखीचे असल्याने अर्थ हरवत नाही. अक्षरपद्धतीची क्रमबद्धता, मॉन्टेसरी परंपरेचा कान व हात आणि शब्दपद्धतीची अर्थनिष्ठा या तिन्हींचा येथे मेळ बसतो. राजापेठेसारख्या शहरी वस्तीत ‘वावर’ सर्वांना जवळचा नसेल; तेथे ‘माय’ बरोबर ‘रवा’ घेऊन हीच पाच चिन्हे साधता येतील.

‘ळ’ आणि ‘ण’ यांना उशिरा, मूल वाचू लागल्यानंतर आणावे. त्या वेळी बाईंनी एवढेच सांगणे पुरे, की आपण घरी ‘डोया’ म्हणतो आणि पुस्तकात त्याला ‘डोळा’ लिहितात. एका वस्तूची दोन नावे मुलाला नवीन नसतात. घरात त्याला एका नावाने हाक मारतात आणि हजेरीत दुसरे नाव असते, हे त्याने स्वीकारलेलेच असते. तोवर त्याने ‘डोया’ लिहिले तर ते लेखन म्हणून स्वीकारावे आणि गोष्टी ऐकविताना, पुस्तक वाचून दाखविताना ‘डोळा’ त्याच्या कानावर पडू द्यावा.

या सूचनेवर एक आक्षेप संभवतो. अशाने बोलीभाषक मूल बोलीतच अडकून पडेल आणि प्रमाण मराठीपासून आणखी दूर राहील, असा तो आक्षेप आहे. प्रमाण मराठी ही पुढील शिक्षणाची व व्यवहाराची भाषा असल्याने तिचा अधिकार या मुलांना मिळालाच पाहिजे, हे निर्विवाद आहे. प्रश्न तो केव्हा व कोणत्या पायावर मिळावा एवढाच आहे. अक्षर म्हणजे आपल्या बोलण्याची खूण हे ज्याला पक्के कळले, त्याला दुसऱ्या उच्चाराची खूण शिकणे सोपे जाते. आरंभीच ज्याचा स्वतःच्या कानावरचा विश्वास उडाला, त्याला बोलीही लिहिता येत नाही आणि प्रमाण भाषाही. मेळघाटातील धारणी-चिखलदऱ्याच्या कोरकू मुलाच्या बाबतीत हे अंतर कैक पटींनी मोठे होते. कोरकू ही मुंडा कुळातील भाषा असल्याने तेथे केवळ ‘ळ’ मागे ठेवून भागत नाही. मौखिक भाषेचा दीर्घ सेतू आधी बांधावा लागतो.

घाईचा प्रश्नही याच विचाराशी निगडित आहे. ‘ओझ्याविना शिक्षण’ या यशपाल समितीच्या अहवालाने (१९९३) दप्तराच्या ओझ्यापेक्षा न समजण्याचे ओझे अधिक जाचक असल्याचे दाखवून दिले. तीन वर्षांच्या मुलाच्या हाती रेघांची वही देणारी पूर्वप्राथमिक शाळा, मग ती इंग्रजी माध्यमाची असो वा मराठी, हेच ओझे आणखी लवकर चढविते. पालकांची अपेक्षा मात्र थट्टेवारी नेण्यासारखी नाही. ज्या घरात पहिल्याच पिढीच्या हाती पाटी आलेली आहे, तेथे मुलाने अक्षर गिरविलेले दिसणे ही मोठी आश्वासनाची गोष्ट असते. ‘माय’ हा शब्द मुलाने स्वतः मांडून घरी दाखविला, तर ते आश्वासन घोकलेल्या बाराखडीपेक्षा निश्चितच अधिक मिळेल.

७. समारोप

वरील तुलनेवरून असे दिसते, की अक्षरपद्धती मुलाच्या उच्चाराची दखल घेत नाही, मॉन्टेसरी-कोसबाड परंपरा कानाला महत्त्व देते परंतु कानातील ध्वनी कोणता याची चर्चा तिच्या आरंभबिंदूत अंतर्भूत नाही, आणि शब्दपद्धती मुलाचे शब्द घेऊ शकते परंतु त्यांची उलगड अपुरी ठेवते. तिघींचाही लाभ घ्यावयाचा तर मुलाचा घरचा उच्चार हा आरंभबिंदू मानणे अगत्याचे आहे.

वऱ्हाडला या विचाराची परंपरा नवी नाही. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर हे महानुभाव पंथाचे प्रमुख स्थान. केशिराजांनी संस्कृतात रचना करू नये, अन्यथा पंथातील साध्या वृद्ध स्त्रिया वंचित राहतील, असा नागदेवाचार्यांचा आग्रह होता. लेखनाची भाषा ऐकणाऱ्याच्या बाजूने ठरवावी, हा तो दंडक होय. आधुनिक काळात उद्धव शेळके यांच्या ‘धग’ (१९६०) या कादंबरीतून आणि विठ्ठल वाघ यांच्या कवितेतून वऱ्हाडीला साहित्यभाषेची प्रतिष्ठा लाभली. पदव्युत्तर वर्गात या कृतींतील बोलीच्या सामर्थ्याची चर्चा होते, परीक्षेत त्यावर प्रश्न येतात. त्याच वर्गातून बाहेर पडणारे अनेक जण पुढे शिक्षक होतात. त्यांपैकी काहींच्या हाती अंगणवाडीतायांच्या आणि बालवाडीच्या बाईंच्या प्रशिक्षणाची सूत्रे येतात. परंतु कवितेत जी ‘काया माती’ गौरविली जाते, तीच मुलाच्या पाटीवर आली की खोडली जाते.

मराठी विभागांनी वऱ्हाडीचे शब्दसंग्रह व उच्चारविषयक निरीक्षणे बरीच जमविली आहेत. त्यांतून चार वर्षांच्या मुलासाठी शे-दीडशे शब्दांची निवड करणे, त्यांतील अक्षरांचा क्रम लावणे आणि तो तालुक्या-तालुक्यांतील अंगणवाड्यांत पडताळून पाहणे, हे एखाद्या प्रबंधाच्या आवाक्यातील काम आहे. ते झाले तर तक्त्यापुढे ‘बाय’ म्हणणाऱ्या मुलाला बाईंना थांबविण्याचे कारण उरणार नाही.